व्हाया महाकाल

१ जानेवारी २०२५, बुधवार

यंदा एकच संकल्प. गेल्या वर्षी इतके केले की एकही धड झाला नाही. चूक संकल्पांच्या संख्येत होती, माझ्यात नव्हे.

संकल्प असा: श्रीमंत टूर्स इंटरनॅशनल करायची. संगमनेर स्टँडसमोर बसून किती वर्षं एसटीची रिझर्व्हेशनं आणि अष्टविनायकाची टेम्पो ट्रॅव्हलर करायची? तालुक्यातली पोरं जर्मनीला नाहीतर कॅनडाला गेली. त्यांचे आईबाप विमानाचं तिकीट काढायला नाशिकला जातात. माझ्या दुकानावरून जातात, वर हात करून जातात.

ऑनलाइन कोर्स घेतला. 'आंतरराष्ट्रीय फेअर आणि रूटिंगचे नियम.' रोज एक धडा बघायचा. आज नुसती नावनोंदणी केली. पहिल्याच दिवशी फार ताण नको.

रेश्माला सांगितलं. ती म्हणाली, आधी दुकानाच्या पाटीवरची धूळ पुसा. बायकोला व्हिजन नसतं, हे मी मनात म्हटलं.

४ जानेवारी, शनिवार

पहिला धडा अर्धा झाला. मुद्दा कळला. विमानाचं भाडं नुसत्या अंतरावर नसतं. या गावाहून त्या गावाचं भाडं ठरलेलं, आणि त्या भाड्यात कुठल्या कुठल्या गावांवरून जायचं तेही ठरलेलं. त्याला रूटिंग म्हणतात. म्हणजे नाशिक–पुणे तिकीट सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असंच जाणार. त्याच तिकिटात शिर्डी करून येतो म्हटलं तर कंडक्टर उतरवणार. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत आहे. कोर्सवाले उगाच इंग्रजीत सांगतात.

उरलेला अर्धा धडा न बघताच आला. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'श्रीमंत गुंजाळ, फेअर रूटिंग एक्स्पर्ट.' कार्डं छापून येईपर्यंत होईनच.

७ जानेवारी, मंगळवार

पहिलं इंटरनॅशनल गिऱ्हाईक! अकोले तालुक्यातलं वरच्या अंगाचं गाव, भात पिकवणारी माणसं. कारभारीबाबा आणि साळूमावशी. त्यांची जया जर्मनीत, नवरा तिथे इंजिनियर. तिला दिवस गेलेत, तारीख बावीस फेब्रुवारी. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ही आपली रीत. पण जयाला डॉक्टरने विमानात बसू नको म्हणून सांगितलं. तेव्हा मावशी म्हणाली, ती म्हायेरी येईना तर म्हायेर तिच्याकडं जाईल. दोघांचे व्हिसा जावयाने करून घेतलेत. राहिलं फक्त तिकीट.

नाशिकवाल्याने सांगितलेला रेट बाबांनी दाखवला. मी हसलो. हसणं थोडं जास्त झालं, पण एक्स्पर्ट माणसाला शोभतं. म्हटलं, याच्यापेक्षा पुष्कळ कमीत बसवतो.

बाबांनी भाड्याचं विचारलं. मावशीने एकच विचारलं: मी पोचंन ना भाऊ येळंवर? पोरीजवळ दुसरं कुनी न्हाई.

मी म्हटलं, तुम्ही आधी, बाळ नंतर. शब्द दिला.

८ जानेवारी, बुधवार

डोकं असावं तर असं. सकाळपासून मुंबई–फ्रँकफर्टचे रेट बघत होतो. नाशिकवाल्याच्या खाली येईना. चहा पिताना सहज इंदूरहून टाकून बघितलं. इंदूर–मुंबई–फ्रँकफर्ट. तेच मुंबईचं विमान, आणि भाडं कितीतरी कमी! लांबून निघालं की स्वस्त. भाडं अंतरावर नसतं, हे धड्यात होतंच.

आता हे इंदूरला कशाला जातील? संगमनेरात अर्धं गाव पुण्याला कसं जातं? सीट नाशिकहून रिझर्व्ह करायची, कारण संगमनेरहून मिळत नाही. आणि चढायचं इथे, आपल्या स्टँडवर. कंडक्टरला तेवढा एक फोन. कुठला कंडक्टर नाही म्हणालाय? पूर्ण भाडं भरलंय, कमी रस्ता वापरतोय. उलट कंपनीचा फायदा.

तर तिकीट इंदूरहून, चढायचं मुंबईला. सोमवार, दहा फेब्रुवारी. मंगळवारी जर्मनी. बाळाला चांगले अकरा दिवस अवकाश.

तिकीट पुण्याच्या अंगदकडून काढलं. हा होलसेलवाला, माझ्यासारख्या छोट्या एजंटांना तोच तिकिटं काढून देतो. त्याने विचारलं, पॅसेंजर इंदूरचे आहेत का? मी हो म्हटलं. एवढ्या तेवढ्याला खोलात कोण जातं. त्याने नियमांची पानंच्या पानं पाठवली, सगळी कॅपिटल अक्षरांत. कॅपिटलमध्ये लिहिलेलं वाचवत नाही, माणूस ओरडतोय असं वाटतं. उत्तर दिलं, 'नोटेड.'

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मावशीने अकोल्याच्या जीपवाल्याकडे पोतं पाठवलं. घरचा आंबेमोहोर, आणि तिळगूळ. निरोप: भाऊंनी आमचं लई मोठं काम केलं.

रेश्माने भात लावला तर वास गल्लीत गेला. दोनदा घेतला. कोर्सचे धडे साठलेत, पण सणाच्या दिवशी अभ्यास करू नये.

कार्डं आली. पाठीमागे विमानाचं चित्र. छान.

१८ जानेवारी, शनिवार

आज दाढी करताना धडा लावला. ऐकू येत होता, बघत नव्हतो. मग ब्रश तसाच हातात घेऊन बघायला लागलो. परत मागे घेऊन बघितला.

तिकिटाचे तुकडे असतात, त्यांना कूपन म्हणतात. ती क्रमाने वापरायची. पहिला तुकडा वापरला नाही, तर पुढचे सगळे आपोआप रद्द. मास्तरने उदाहरणही दिलं. एक माणूस स्वस्त पडतं म्हणून लांबच्या गावाहून तिकीट काढतो आणि मधल्या गावी चढायला जातो. मास्तर हसून म्हणाला, अशी चूक कुठलाही एजंट करत नाही, पण नियम म्हणून सांगतो.

व्हिडिओ बंद केला. हा नियम युरोपच्या विमानांना असेल. आपली कंपनी भारतीय आहे, माणसं ओळखीची असतात.

दाढी अर्धीच राहिली, हे रेश्माने दुकानात येऊन दाखवलं.

२० जानेवारी, सोमवार

अंगदला फोन केला. म्हटलं, माझ्या एका मित्राने असं असं केलंय. अंगद म्हणाला, तुझा मित्र गाढव आहे. मुंबईच्या काउंटरवर नाव टाकल्यावर तिकीटच दिसणार नाही, आत घेणार नाहीत. बदल होईल का विचारलं. म्हणाला, सगळ्यात स्वस्तातलं असेल तर नाही, पैसेही परत नाहीत. मग आवाज बारीक करून विचारलं, ते तुझे इंदूरवाले इंदूरचेच आहेत ना?

मी म्हटलं, अगदी. तिथलेच. पोहे-जिलेबी खाणारी माणसं.

जेवताना रेश्माने आंबेमोहोर वाढला. मी बाजूला सारला. सांगितलं, डायबेटिस होऊ नये म्हणून भात बंद केलाय. ती म्हणाली, डॉक्टरांकडे कधी गेलात? म्हटलं, जाणार आहे.

निश्चय: उद्या मावशीला फोन करून सगळं खरं सांगायचं. माणूस चुकतो, त्यात काय? नवं तिकीट आपण भरून द्यायचं. प्रामाणिकपणासारखी जाहिरात नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

फोन केला नाही. अमृतवाहिनी कॉलेजच्या इकडे रेंज... नाही, नेटवर्कचा काही प्रश्न नव्हता. मंगळवारी अशुभ बातमी देऊ नये, असं आई म्हणायची.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोन करायची वेळच आली नाही, मावशी स्वतः आली. बाजाराला आली होती. डिंक, खारीक, खोबरं, मेथ्या सगळं घेतलं होतं. डिंकाचे लाडू विमानात चालतात का, हे विचारायला दुकानात आली. मी म्हटलं, चालतात. मग म्हणाली, भाऊ, मुंबईला गेल्यावर काय बोलायचं ते सांगा. आमी कदी लिफ्टमदी बी बसलो न्हाई. मी पाठ करून ठिवते.

एवढ्या विश्वासाने समोर बसली होती. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. मी चहा मागवला. ती बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, जयाचा फोन आला की ती रडती. भ्या वाटतं म्हनती. मी म्हनते, आई निघाली बघ.

मला इतकं लागलं की मी उठून कपाटात काहीतरी शोधायला लागलो. काही हरवलेलं नव्हतं.

नालायक माणूस आहे मी. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

२५ जानेवारी, शनिवार

कालचं जरा भावनेच्या भरात लिहिलं. नालायक नाही, घाईत आहे.

२९ जानेवारी, बुधवार

सापडलं! देव आंधळा नाही.

तिकीट इंदूरहून आहे ना? मग चढायचंच इंदूरहून. पहिला तुकडा वापरला की पुढचे जिवंत. रूटिंग मोडायचंच कशाला, पाळायचं. आणि इंदूरला का जायचं, हा प्रश्न उरतो. इंदूरपासून उज्जैन गाडीने तासा-दीड तासावर. उज्जैनला कोण? महाकाल.

लगेच फोन केला. म्हटलं, मावशी, तुमचं तिकीट साधं नाही. व्हाया महाकाल आहे. बाळंतपणाआधी पोरीसाठी दर्शन, मग इंदूरहून विमान. सगळं तिकिटातच.

फोनवर रडण्याचा आवाज. वाटलं, कळलं बहुतेक. म्हणाली, भाऊ, जयाच्या लग्नात मी म्हाकाळाला बोलले हुते, तिची कूस उजवली की येते म्हनून. कुनाला सांगितलं न्हवतं. तुमच्या तोंडून देवच बोलला.

मागून बाबा म्हणत होते, इमानाच्या तिकिटात म्हाकाळ बी येतो व्हय? लई सुदारलं मग.

फोन ठेवला. हलकं वाटायला हवं होतं. खोटं बोललो असं कुणी म्हणेल. पण दर्शन खरं, विमान खरं, नवस तर माझ्या आधीपासूनचा खरा. यात खोटं असेल तर फक्त तिकीट, आणि तेही आता खरं होणार.

भात खाल्ला नाही आज पण.

२ फेब्रुवारी, रविवार

मी स्वतः त्यांना सोडायला जाणार. रेश्मा म्हणाली, एवढं कुणासाठी करता तुम्ही? म्हटलं, पर्सनल सर्व्हिस. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कॅलेंडर बघत असल्यासारखं केलं.

(नंतरची भर: कॅलेंडर नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं. दहा तारखेला लिहिलं आहे.)

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून येणारी इंदूरची स्लीपर घेतली. मावशी नवी नऊवारी नेसून आली. लाडवांचा डबा मांडीवर, वर फडकं बांधलेलं. सामानात टाकू म्हटलं तर नको म्हणाली, चेंगरतील. बाबांनी गावातल्या प्रत्येकाला सांगितलंय की संगमनेरच्या श्रीमंतभाऊंनी परदेशाच्या तिकिटात देवदर्शन बसवलं. स्टँडवर दोघे-तिघे पाया पडायला आलेले, मावशीच्या. एक चुकून माझ्याही पडला.

प्लॅन तयार. पहाटे इंदूर, गाडी करून उज्जैन, सकाळी दर्शन, दुपारच्या विमानाला आरामात. घाई नाही. मी अशी कितीतरी अष्टविनायकं केली आहेत.

१० फेब्रुवारी

आज सोमवार. महाकालाचा वार. हे मला उज्जैनला गाडीतून उतरल्यावर कळलं. रांग बघून कळलं. प्रयागराजचा कुंभ करून आलेल्या बसेस वेगळ्याच. हिंदुस्तानातला प्रत्येक माणूस आज उज्जैनला आला होता.

सकाळ रांगेत गेली. दर्शन झालं एकदाचं. मी म्हटलं, चला. मावशी म्हणाली, अभिषेक ऱ्हायला. नवसाचा अभिषेक हाय, तो पोरीच्या नावानं करायचा. गुरुजींनी बाहेरच्या ओवरीत बसवलं. तिथेही नंबर.

मी गेलो आणि म्हटलं, मावशी, विमान चुकेल. तिने डोळे उघडले आणि शांतपणे विचारलं, तिकिटातच हाय ना दर्सन? मग आपल्यासाठी थांबंल की. अष्टविनायकाची गाडी थांबती का न्हाई तुमची?

थांबते. दर वेळी थांबते. चप्पल हरवली तरी थांबते.

आता मी काय सांगणार? नाही थांबत म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग तिकिटात कसं? परत एकदा गेलो. हात जोडले. गुरुजी रागावले, मंत्र पहिल्यापासून म्हणायला लागले. बाबा म्हणाले, भाऊ, बसा जरा, घामाघूम झालाय.

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. मावशी, मी खोटं बोललो, उठा. एवढंच. ओवरीच्या खांबाला टेकून मी ते वाक्य मनात म्हणत होतो. तोंडाबाहेर आलं नाही.

इंदूर विमानतळावर पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. पहिला तुकडा गेला. पुढचे सगळे आपोआप रद्द. मास्तर बरोबर होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार. इंदूर, लॉज

अंगदला सगळं खरं सांगितलं. त्याने शिव्या दिल्या, बऱ्या वाटल्या. गुरुवारच्या मुंबईच्या विमानात जागा आहे, थेट मुंबईहून. त्याआधी नाही. काढ म्हटलं. बुलेट विकावी लागेल. तशीही आवाज फार करते.

मावशीला सांगितलं, कंपनीने नवीन तिकीट दिलं. ती खिडकीशी बसून राहिली. बाबांनी मला पोहे आणून दिले. भुकेला हाय माणूस, म्हणाले.

अजून अकरा दिवस आहेत. तारीख बावीस आहे. गुरुवारी निघून शुक्रवारी पोचतील. काही बिघडलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. बसमध्ये

सकाळच्या एसटीने निघालो, धुळ्यापर्यंत, पुढे मुंबईची दुसरी. शिरपूर स्टँडवर गाडी थांबली आणि मावशीचा फोन वाजला. जावई होता. मुलगी झाली. दहा दिवस आधीच. बाळ-बाळंतीण सुखरूप.

बाबांनी कंडक्टरला सांगितलं. कंडक्टरने अख्ख्या गाडीला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पेढे आणायला खाली उतरला. मीही टाळ्या वाजवल्या.

मग फोन जयाकडे गेला. मावशी म्हणाली, बाई, लई तरास झाला का? मग विचारलं, जवळ कोन हुतं तुज्या? पलीकडून काय आलं ते मला मागच्या सीटवर ऐकू आलं नाही. मावशीने बाबांना सांगितलं तेव्हा कळलं. जावयाला उशीर झाला, तो गाडी पार्क करत होता. नर्स होती म्हनं. हात धरला हुता तिनं. चांगली हाय म्हनं.

मावशीने लाडवाच्या डब्यावरचं फडकं सोडलं, परत बांधलं.

सोमवारचं विमान मिळालं असतं तर दोघं मंगळवारी पोचली असती. बाळ बुधवारी. हा हिशोब मी करणार नव्हतो. झाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. मुंबई

बाळाला तारीख बावीसची दिली होती. ते आधी आलं, हा काही माझा दोष नाही.

वरचं वाक्य सकाळी लिहिलं. आता वाचवत नाही.

विमानतळाच्या दारात बाबांनी माझे दोन्ही हात धरले. मावशीने डब्यातून एक लाडू काढून मला दिला. बाळंतिणीचा असतो, पन तुमीबी लई हाल काढले, म्हणाली. मी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. लाडू हातात असताना कसं सांगणार? मग दोघं आत गेली.

लाडू दादरच्या स्टँडवर खाल्ला. डिंक, मेथी, सगळं प्रमाणात. उभ्याउभ्या रडलो. शेजारच्या माणसाने विचारलं, कडू आहे का.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडलं. मावशीच्या गावचे एक गृहस्थ आले, पोरगा कॅनडात. म्हणाले, आमालाबी व्हाया म्हाकाळ पायजे, त्येच तिकीट. मी म्हटलं, ती स्कीम बंद झाली. म्हणाले, वशिला लावा की.

रेश्माला सांगितलं शेवटी. सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली, मला काय सांगता, मावशींना सांगा. खरंच आहे ते.

निश्चय: रविवारी. तिकडे सुट्टी असते, सगळे घरी असतील. काहीही झालं तरी रविवारी. मंगळवार नाही, सण नाही, लाडू नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

व्हिडिओ कॉल केला. रेश्मा समोर बसून होती, उठली नाही.

मावशीने आधी बाळ दाखवलं. लाल, मूठ झाकलेली. मग जया दिसली, मागच्या खोलीत, ती फोनकडे आली नाही. मी म्हटलं, मावशी, त्या तिकिटाचं एक सांगायचं राहिलंय.

ती म्हणाली, मलाबी त्येच बोलायचं हुतं भाऊ. रोज म्हनते फोन करावा, तोंड हुईना. माफी करा मला. तुमी दोनदा उठवाया आला, हात जोडलं, आन मीच बूड हालवलं न्हाई. इमान गेलं, पोर एकली बाळंत झाली, सगळं माज्या हट्टापायी. जयाला खरं तेच सांगितलं. ती बोलत न्हाई माज्याशी अजून. म्हनती, तुला देव मोठा का मी? बोलंल हळूहळू. पन तुमी मनाला लावून घिऊ नगा.

रेश्मा माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, नाही घेत.